कापलेला कोपरा

दोन हातमोजे एकावर एक चढवलेले असूनही तो कोपरा तिच्या बोटाला कळला. आधी बोटाला कळला, मग डोळ्यांना. डोक्यापर्यंत पोचायला त्याला जरा वेळच लागला, कारण डोकं तेव्हा मावशींचं ऐकण्यात गुंतलं होतं. मावशी रुग्णालयाच्या औषधविभागात तिच्या हाताखाली काम करायच्या, आणि मास्क चढवला की त्यांचं तोंड जास्तच सुटायचं. "पेटी दिसली की लोकांना काहीतरी टाकल्याशिवाय राहवतच नाही," त्या सांगत होत्या. "मागे कवळी निघाली होती. आता मला सांगा मॅडम, कवळीची मुदत कधी संपते?" ती हसली. हसत हसतच तिनं समोरच्या ढिगातली एक गाठ मारलेली पिशवी सोडली, रबर लावलेला गोळ्यांच्या स्ट्रिप्सचा जाडजूड गठ्ठा हातात घेतला आणि सवयीनं अंगठा वरच्या स्ट्रिपच्या कडेवरून फिरवला. कोपरा कापलेला होता. तिरका कापलेला, आणि कापाच्या मधोमध एक बारीकसा दात राहिलेला. ओळखीचं माणूस भलत्याच गावात भेटलं की आधी आनंद होतो, तशी ती क्षणभर चक्क खूश झाली. अरे, ही तर आपली. मग हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

पेटी तिनंच बसवून घेतली होती. रुग्णालयाच्या मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, फुलांच्या दुकानाशेजारी. उरलेली औषधं लोक कचऱ्यात टाकतात, मोरीत ओततात, मग ती पाण्यात जातात, मातीत जातात आणि फिरून कुणाच्या तरी पोटात येतात, हे तिनं वरच्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी तिला गप्प करण्यासाठीच त्यांनी पेटीला होकार दिला असावा. पेटी भरली की वर यायची, स्टीलच्या टेबलावर उपडी व्हायची, आणि मावशी नि ती मिळून निवडायच्या. साधी औषधं एकीकडे, झोपेची एकीकडे, सुया एकीकडे. कर्करोगाच्या औषधांची तऱ्हा निराळी. ती पेशी मारण्यासाठीच केलेली असतात, आणि मारताना पेशी रोगाची की निरोग्याची हे फारसं पाहत नाहीत; उघड्या हातानं त्यांना शिवायचंसुद्धा नसतं. त्यांच्यासाठी जांभळ्या झाकणाचा डबा होता. झाकण एकदा दाबून बसवलं की पुन्हा उघडायचं नाही, तशी त्याची रचनाच होती. डबा जसाच्या तसा भट्टीत जायचा. आणि डब्यात पडण्याआधी प्रत्येक स्ट्रिपचा कोपरा कापायचा. कोपरा कापला म्हणजे स्ट्रिप बाद. चुकून कपाटात परत जायला नको, कुणी उचलून विकायला नको. नव्यानं लागलेल्या मुलींना ती हे शिकवायची तेव्हा शेवटी एक वाक्य हमखास टाकायची: एका खुणेचा एकच अर्थ, खुणेला दोन अर्थ फुटले की माणूस मेलाच म्हणून समजा. मुली हसायच्या, आणि त्या हसल्या की तिला बरं वाटायचं.

पण हा काप इथला नव्हता. इथली कात्री मोठी, बोथट टोकाची, तिचा काप सरळसोट यायचा. हा दात राहायचा तो आईच्या शिवणाच्या कात्रीचा. लहानपणी तिनं त्या कात्रीनं पतंगाच्या काडीला गुंडाळलेली तार कापायला घेतली होती, पात्याचा टवका उडाला होता आणि आईनं तिला घरभर पळवलं होतं. टवका उडालेली ती कात्री आईनं मात्र कधी टाकली नाही. कापड कापताना दात राहायचा त्या ठिकाणी ती जरा हात उचलायची, पुन्हा टेकवायची आणि पुढे जायची. शिवणयंत्रावर वाकलेली तिची पाठ, तोंडात धरलेल्या टाचण्या, आणि त्या टाचण्यांतूनच चाललेलं बोलणं. टाचण्या तोंडात असताना आई फार विनोदी बोलायची. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं जेवताना घरी सांगितलं होतं, आम्ही बाद झालेल्या औषधांचे कोपरे कापतो. नवी नोकरी, सगळं सांगण्याचा उत्साह. आईला ते फार आवडलं. झालं, त्या दिवसापासून घरात कोपरे कापायची साथच आली. मुदत संपलेला पास, विरलेली चादर, जुनं कॅलेंडर, न जमलेल्या झबल्याचा बेतलेला कागद, सगळ्यांचा कोपरा आई कापून टाकायची आणि मग ते कुठेही पडलं असलं तरी घरात कुणी विचारायचं नाही, कोपरा कापलेलाय ना, मग बाद. बाबा निवृत्त होऊन पहिल्या दिवशी उशिरापर्यंत लोळत पडले तेव्हा आई कात्री घेऊन त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिली होती. "उठताय, की कापू कोपरा?" बाबा त्या दिवशी इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. मग तिचं लग्न झालं, ती घरातून गेली, आणि घरातले विनोद त्या घरात राहिले.

"काय झालं मॅडम? जांभळ्यातलं आहे?" मावशींनी विचारलं.

"हो. जांभळ्यातलंच," ती म्हणाली आणि गठ्ठ्याचं रबर काढलं. स्ट्रिप्स टेबलावर पसरल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. चंदेरी कागद सगळीकडे ताणलेला, गोळ्यांची पोटं गुबगुबीत. पहिल्या वेळच्या, दुसऱ्या वेळच्या, शेवटच्या. सगळ्या. तिनं त्या नीट ओळीनं लावल्या, का लावल्या ते तिलाही कळलं नाही, आणि मग त्या ओळीकडे बघत उभी राहिली. खोलीतला हवा ओढणारा पंखा चालू होता. मावशी काहीतरी बोलत होत्या. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आईनं यातली एकही गोळी घेतलेली नव्हती.

तिला पहिला आला तो राग. हे ती नंतर स्वतःला कधीच माफ करणार नव्हती, पण पहिला आला तो रागच, आणि तो चांगला दणदणीत होता. रोज फोन केला होता तिनं. सकाळी निघताना एक, संध्याकाळी एक. "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या गं." "कोपरा बघून?" "कोपरा बघूनच घेते, बाई, तू नको काळजी करूस." शांत, थोडा थट्टेचा आवाज. म्हणजे खोटं बोलत होती. रोज, दोन वेळा, लेकीशी. आईला मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन कर्करोगाच्या आजारामुळे लांबणीवर पडलं होतं आणि जवळचं तिला धड दिसत नव्हतं. मूळ औषधाची गोळी आणि मळमळीची गोळी दोन्ही एकाच कंपनीच्या, चंदेरी, सारख्याच आकाराच्या. डोळसानं सुद्धा घोटाळा करावा अशा. म्हणून मूळ औषधाच्या स्ट्रिप्सना खूण करायचं तिनं ठरवलं. त्या दिवशी ती घाईत होती. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली होती, बाबा आंघोळीला गेले होते, आई पलंगावर बसून रुमालाला टीप घालत होती आणि तिनं आईच्या हातातली कात्री जवळजवळ हिसकावून घेतली होती. खुणा हजार करता आल्या असत्या. दोरा बांधता आला असता, रबर लावता आलं असतं. पण हाताला वर्षानुवर्षं एकच खूण येत होती. तिनं उभ्या उभ्या कोपरे कापले, स्ट्रिप्स आईच्या मांडीवर ठेवल्या, एक स्ट्रिप आईच्या हातात देऊन तिचं बोट त्या तिरक्या कडेवर फिरवलं आणि म्हणाली, "हा कोपरा चाचपून बघत जा आई, म्हणजे चूक होणार नाही. कळलं ना?" आईनं बोट फिरवलं. तिचा चेहरा खुलला होता, हे तिला आता स्पष्ट आठवत होतं. "कळलं," आई म्हणाली होती. "हे बरं केलंस." पुढच्या प्रत्येक वेळीही औषध आणलं की ती त्याच कात्रीनं कोपरे कापूनच देत गेली.

आणि नंतरचे ते चांगले महिने. घरातले सगळे त्यांना चांगले महिनेच म्हणायचे. आईला मळमळ नाही, तोंड आलं नाही, केस जागच्या जागी. या औषधानं तळहात सोलवटतात, पाय भाजल्यासारखे होतात, माणसं चपला घालू शकत नाहीत. तिनं कितीतरी रोग्यांना मलमं दिली होती. ती आईचे तळहात हातात घेऊन बघायची आणि ते मऊ असायचे, शिवणानं बोटांना पडलेले घट्टे तेवढे खरखरीत. "सोसलं हं तुला औषध," ती म्हणायची, आणि आई शाबासकी मिळाल्यासारखी बघायची. मोठे डॉक्टर रक्ताचा तपास बघून हसले होते. "यांचं रक्त बघून वाटतच नाही औषध चालू आहे." तेव्हा ती केवढी अभिमानानं हसली होती त्यांच्याबरोबर, जणू ते रक्त तिनं स्वतः घडवलं होतं. मग एक दिवस स्कॅनच्या फोटोत सगळीकडे आजार पसरलेला दिसला. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, "आजारानं औषधाला दाद दिली नाही." हे वाक्य ती वर्षभर जवळ बाळगून होती. त्यात कुणाचाच दोष नव्हता. आजारानं दाद दिली नाही, बस. लोक भेटायला आले की ती तेच म्हणायची, आणि बाबाही तिच्याकडून शिकून तेच म्हणायला लागले होते.

दाद द्यायला औषध आजारापर्यंत पोचलं तरी होतं का?

"मावशी, याला हात लावू नका. मी आलेच," ती म्हणाली. हातमोजे उतरवले, गाऊन उतरवला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. बाबा आज रक्तदाब तपासायला येणार होते. सकाळीच त्यांचा फोन आला होता, काम झालं की खाली बसतो, तुला सवड झाली तर चहा घेऊ. म्हणजे पिशवी त्यांनी टाकली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं उतरायला लागली आणि प्रत्येक वळणावर तिचा प्रश्न बदलत गेला. आई गोळ्या का घेत नव्हती, असं आधी विचारायचं होतं. मग वाटलं, तुम्ही मला का नाही सांगितलं, हे विचारावं. मग, तिला जगायचं नव्हतं का? हा शेवटचा प्रश्न मनात आला आणि तिला कठडा धरावा लागला. जगायचं नसलेलं माणूस पुढच्या हिवाळ्यासाठी लोकर आणून ठेवतं? जावयाच्या शर्टाची बटणं बदलून देतं? खालून एक नर्स वर येत होती, तिनं विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे.

बाबा पेटीसमोरच्याच खुर्चीवर बसले होते. मांडीवर टोपी, टोपीवर दोन्ही हात. तिला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची नसलेली धूळ झटकली.

"आलीस? मला वाटलं, अजून वेळ लागेल तुला. रक्तदाब उत्तम आहे हं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असा असत नाही."

ती बसली. "बाबा, तुम्ही आज पेटीत काही टाकलंत?"

"टाकलं तर! कळलं वाटतं तुला?" घरचा अभ्यास न सांगता केलेल्या मुलासारखे ते खूश झाले. "शिवणयंत्राचा खण आवरला एकदाचा. वर्षभर हात लावायचा धीर होत नव्हता बघ. काल म्हटलं, पुरे. तुझ्या आईनं अगदी बजावून ठेवलं होतं, या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, ठकू रागावेल. तिच्या दवाखान्यातच द्यायच्या."

ठकू म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. "कसल्या गोळ्या होत्या त्या?" तिनं विचारलं. आवाज बरा निघाला.

"त्याच गं. बाद झालेल्या."

"बाद?"

"कोपरा कापलेल्या."

दारातून एक खाट आत आली, तिच्यामागे माणसं, कुणीतरी फुलांच्या दुकानात भाव विचारत होतं. ते सगळं चालू होतं आणि आवाज तेवढा गेला होता. बाबांचे ओठ हलत होते. मग आवाज परत आला तेव्हा ते मध्येच कुठेतरी होते.

"...मी म्हणायचो, अगं आण इकडे, मी वाचून देतो. तर म्हणायची, यात वाचायचंय काय? लेकीनं कोपरा कापून दिलाय, आंधळ्यालासुद्धा कळेल. कापलेली खणात, अख्खी पोटात. दोन्ही वेळा चाचपून बघायची, एकदा नाही चुकली. मला म्हणायची कशी, शिकवलेली पोर पोटी असली की म्हातारपणी डोळ्यांवाचून अडत नाही."

ती बाबांच्या टोपीकडे बघत राहिली. टोपीच्या अस्तराला आईची टीप होती, बारीक, सरळ. आई खोटं बोलत नव्हती. कोपरा बघूनच घेते, बाई. आईनं आयुष्यात कुणाचं इतकं तंतोतंत ऐकलं नसेल. जिना उतरताना उरी बाळगलेला तो राग एकदम निराधार झाला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काही नावच नव्हतं. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. याच बोटांनी आईचं बोट धरून त्या कडेवर फिरवलं होतं, बघ, चूक होणार नाही. तिच्या दृष्टीनं त्या दिवशी खूण फक्त वेगळं ओळखण्यापुरती होती. घराच्या दृष्टीनं तिला एकच अर्थ होता, आणि तो तिनंच त्या घरात नेऊन ठेवला होता, भरल्या ताटावर, पहिल्या नोकरीच्या तोऱ्यात.

"इतक्या सगळ्या बाद कशा, असं नाही वाटलं तुम्हाला?" हे आपण विचारायला नको होतं, हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

"वाटलं होतं ना," बाबा म्हणाले. "एकदा मी म्हटलं सुद्धा, ठकूला विचारू या का? फोन हातात घेतला होता मी. तर म्हणाली, ठेवा तो. डॉक्टर सारखे औषधं बदलतात, त्यातली नको ती ठकू बाद करून देते. तिच्या मागे काय कमी व्याप आहेत? ठेवला मग मी." ते थांबले. टोपीवरचे हात थांबले. त्यांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद कुठे जावं ते न कळल्यासारखा तिथेच घुटमळला. "का गं? बरोबर ठेवल्या होत्या ना तिनं?"

सांगायचं, तर एका वाक्यात सांगून झालं असतं. वाक्य घशाशी तयार होतं. ते एकदा बाहेर पडलं असतं तर निदान दोघांत वाटलं गेलं असतं. कुणाजवळ तरी रडता आलं असतं, कुणीतरी म्हणालं असतं, तुझा काय दोष, पोरी. आणि म्हणणारे बाबाच असते. मग तेच बाबा संध्याकाळी त्या घरात परत गेले असते, जिथे यंत्र आहे, रिकामा खण आहे आणि तो फोन आहे. हातात घेतलेला आणि ठेवून दिलेला. चूक तिची होती, पण बाबांनी त्यातला फोनच तेवढा उचलला असता आणि उरलेलं आयुष्य तो हातात धरून बसले असते. ते तिला इतकं लख्ख दिसलं की तिनं डोळे मिटून घेतले.

"ठकू? काही चुकलं का आमचं?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "बादच होत्या त्या."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "वाटलंच मला. या बाबतीत तुझी आई पक्की." मग जरा वेळानं, पेटीकडे बघत, "आजारानंच दाद दिली नाही. नाहीतर करायचं ते सगळं केलं आपण." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. चहाचं त्यांनी विचारलं, ती म्हणाली, थोडं काम उरलंय, तुम्ही घ्या, मी येते. ते चहाच्या दिशेनं गेले, रक्तदाब उत्तम असलेल्या माणसाच्या चालीनं, आणि दृष्टीआड होईपर्यंत ती बसून राहिली.

वर मावशी तशाच थांबल्या होत्या. त्यांनी इतर सगळं निवडून टाकलं होतं. टेबलावर ती ओळ तेवढी होती. तिनं गाऊन चढवला, हातमोजे चढवले, एकावर एक. एक स्ट्रिप ठेवून घ्यावी, असं मनात आलं. नियमात ते बसत नव्हतं, आणि ठेवून तिचं करायचं काय होतं? रोज चाचपून बघायचं? तिनं डबा पुढे ओढला. मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग मोठी कात्री उचलली आणि ओळीतली पहिली स्ट्रिप घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "यांचे कोपरे कापलेले आहेत."

"हो का? कुणी कापले?"

"मीच."

मावशींनी कात्री खाली ठेवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "तेवढंच एक काम वाचलं." तिनं एकेक स्ट्रिप उचलली, प्रत्येकीच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि डब्यात टाकली. मग झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.